तरवड लावायचाय? पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

तरवड म्हणजे नेमकं कोणतं झुडूप?

दिवे घाट चढताना, जेजुरी-मोरगावच्या वाटेवर, सुप्याच्या माळावर कंबरेएवढ्या उंचीची पिवळ्याधमक फुलांची झुडपं दिसतात, त्यातला बराचसा तरवडच असतो. शेंगावर्गातलं हे बारमाही हिरवं झुडूप साधारण एक ते तीन मीटर वाढतं. शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्याला कॅसिया म्हटलं होतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत 'कॅसिया ऑरिक्युलाटा' सापडेल. दोन्ही एकच.

तो मूळचा इथलाच, भारत-श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातला. पुण्याच्या पूर्वेला, सासवड, दौंड, बारामती, शिरूरकडे तो मनापासून वाढतो. पश्चिमेला मुळशी-ताम्हिणीच्या पावसाकडे जाऊ लागलं की विरळ होत जातो. लागवडीचे पुढचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतूनच सुटतात.

पिवळ्या फुलांची झुडपं तर ढीगभर आहेत. हाच तरवड हे ओळखायचं कसं?

फुलं बघू नका, आधी पान बघा. देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी उपपर्णं असतात. इतर झुडपांत उपपर्णं बारीक असतात, लवकर गळतात. तरवडाची मोठी असतात आणि पान असेपर्यंत टिकतात. मग पान जवळ धरून त्याच्या मधल्या शिरेवर बोट फिरवा. पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, आठ ते बारा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या बेचक्यात एक बारीक उभी ग्रंथी लागते. भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी नखाला जाणवते.

रस्त्याच्या दुभाजकांत लावलेली कॅसिया बायफ्लोरा बाहेरून आणलेली आहे. तिला पर्णिका मोजक्या असतात. टेकोमा तर शेंगावर्गातलाही नाही, त्याची फुलं घंटेसारखी आणि पानांच्या कडा दातेरी. टाकळा पावसाळी, वर्षायू, गुडघ्याएवढा. तो लोक भाजीला खुडून नेतात. बहावा हे झाड आहे, झुडूप नाही. तरवडाची शेंगही वेगळी. चपटी, कागदासारखी पातळ, बोटभर लांब, आणि आतल्या बिया बाहेरून उठून दिसतात.

पुणे शहरात कुठे बघायला मिळेल?

डोंगरउतारावरच्या उघड्या, मुरमाड जागा शोधा. वेताळ टेकडी, पाषाण, तळजाईकडच्या उतारांवर नजर टाकायला हरकत नाही. मात्र गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) दाट लागवड झाली आहे तिथे शोधण्यात वेळ घालवू नका, सावलीत तरवड टिकत नाही. खरा तरवड बघायचा तर शहर सोडून पूर्वेला जावं. दसऱ्याच्या आगेमागे दिवे घाटातून सासवडकडे गेलात तर ओळख पटवायला दुसऱ्या कुणाची गरज पडणार नाही.

नर्सरीत विचारलं तर "तो तर रानात उगवतो" म्हणून हसतात. रोप मिळवायचं कुठून?

हसणाऱ्यांचं गणित चुकीचं नाही. रोपवाटिकेला जे खपतं ते ठेवावं लागतं, आणि कुंडीतला दोन वर्षांचा तरवड दिसायला अगदीच सुमार असतो. दोन-चार काटकुळ्या फांद्या, त्यावर धुळकट पानं. शेजारी बोगनवेल फुललेली असेल तर त्याच्याकडे कोण बघणार? देशी झाडांचीच रोपं करणाऱ्या रोपवाटिकांत आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत विचारून पाहा. नाही मिळालं तर बी गोळा करा. माझं मत विचाराल तर मिळालं तरी बीच लावा. कारण खाली आहे.

टेकडीवरचं एखादं लहान रोप उपटून आणलं तर?

नको. पहिलं म्हणजे टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे, तिथलं रोप उपटणं कायद्यात बसत नाही. दुसरं म्हणजे ते जगणारही नाही. वीतभर उंचीच्या तरवडाचं सोटमूळ मुरमाच्या फटीतून दोन-तीन पट खोल गेलेलं असतं. तुम्ही उपटता तेव्हा हातात येतं ते वरचं टोक, खरं रोप खालीच राहतं. चार दिवस पानं तग धरतात म्हणून माणूस आशेवर राहतो, मग ती एकदम गळतात.

बी कधी आणि कसं गोळा करायचं?

पावसाळ्यानंतरच्या फुलोऱ्याच्या शेंगा थंडी सरता सरता तपकिरी होतात. जानेवारी ते मार्च हा चांगला काळ. शेंग हलवली की आत बी खुळखुळलं पाहिजे. हिरवट शेंग तोडलीत तर बी सुरकुततं, उगवत नाही.

एकाच झुडपाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका. पाच-सात झुडपांच्या थोड्या थोड्या घ्या, म्हणजे पुढच्या रोपांतही विविधता राहील आणि मूळ जागीही बी पडेल. घरी आणल्यावर शेंगा वर्तमानपत्रावर पसरा आणि प्रत्येक बी बोटांत फिरवून बघा. टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर आतून भुंगेऱ्याने ते खाऊन संपवलंय. अशा बिया लगेच वेगळ्या काढा. नाहीतर उरलेले भुंगेरे डब्यात बाकीच्यांचाही फडशा पाडतील. चांगल्या बिया दोन दिवस उन्हात वाळवून कोरड्या बाटलीत, थोडी राख मिसळून ठेवल्या तर सहज पुढच्या पावसापर्यंत टिकतात.

बी पेरलं, पंधरा दिवस पाणी घातलं, काहीच उगवलं नाही. बी खराब होतं का?

बहुधा नाही. तरवडाच्या बियांचं कवच कठीण असतं, त्यातून पाणीच आत शिरत नाही. रानात ही सोय आहे. सगळं बी एका पावसात उगवलं आणि मग पाऊस महिनाभर दडी मारून बसला तर वंश बुडेल, म्हणून काही यंदा उगवतं, काही पुढच्या वर्षी. तुम्हाला मात्र सगळं याच जूनमध्ये हवं असतं, त्यामुळे कवच आपणच कमकुवत करावं लागतं.

दोन उपाय आहेत. पहिला गरम पाण्याचा. पाणी उकळा, गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग बी त्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या. उकळत्या पाण्यात बी टाकून गॅस चालू ठेवला तर ते शिजतं, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतील, त्या लगेच पेरा. ज्या तशाच टणक राहिल्या त्यांना पुन्हा तीच आंघोळ.

दुसरा उपाय पॉलिशपेपरचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बी जिथे शेंगेला चिकटलेलं असतं ते टोक सोडून विरुद्ध बाजूला तीन-चार वेळा घासायचं. वरचा तपकिरी थर जाऊन आतला फिकट रंग डोकावला की थांबायचं. जास्त घासलं तर आतला गर दुखावतो. वीस-पंचवीस बिया असतील तर मी हाच उपाय सांगेन. वेळ जातो, पण बी वाया जात नाही. शेकड्यांनी असतील तर गरम पाणी.

एवढं केल्यावर पावसाळ्याच्या उबेत आठवडा-दोन आठवड्यांत कोंब दिसतात.

पिशवीत रोप करू की थेट जागेवर बी टोचू?

जागा पक्की असेल आणि पाऊस लागला असेल तर थेट टोचा. एका खड्ड्यात तीन-चार बिया, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नाही, आणि पुढे त्यातलं एक जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापायची. उपटायची नाहीत, शेजारचं मूळ हलतं. जागेवर उगवलेल्या तरवडाचं मूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जातं आणि पहिल्या उन्हाळ्यातला सगळा फरक तिथेच पडतो.

पिशवी वापरायचीच असेल तर उंच घ्या. दुधाच्या पिशवीत केलेल्या रोपाचं मूळ तळाशी गोल गोल फिरतं, मग ते जमिनीत लावल्यावरही फिरतच राहतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी घालून जून-जुलैत लावणं सगळ्यात सोयीचं. पिशवी कापताना मातीचा गोळा फुटू देऊ नका.

सोसायटीच्या आवारात नुसता राडारोडा आणि मुरूम आहे. चालेल?

मुरूम उत्तम. राडारोड्यात सिमेंटचे तुकडे, चुन्याचा भाग असला तरी तरवड फारशी कुरकुर करत नाही. फक्त खाली पाणी साचत नाही ना, हे बघा. दोन फूट खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. तासाभराने डबकं तसंच असेल तर ती जागा सोडा, किंवा फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा. काळ्या मातीतही तरवड येतो, पण तिथे उतार हवा.

ऊन मात्र दिवसभराचं लागतं. दोन इमारतींच्या मधल्या बोळात, जिथे दुपारी तासभर ऊन येतं, तिथे तो उंच, लुळा वाढेल आणि फुलणार नाही. त्या जागेला दुसरं काहीतरी शोधा.

पाणी किती?

पहिलं वर्षभर सांभाळा, नंतर विसरा. जूनमध्ये लावलेल्या रोपाला पाऊस असेपर्यंत काहीच नको. ऑक्टोबरपासून आठवड्याला एकदा, मार्च ते मे या काळात पाच-सहा दिवसांनी एकदा, पण भरपूर, खोल मुरेल असं. रोज कपभर पाणी घालण्याने मूळ वरच्या वर राहतं आणि तुम्ही आठ दिवस गावाला गेलात की रोप मान टाकतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी बंद केलं तरी चालतं.

पुण्यात सोसायटीतला तरवड मरतो तो बहुतेक वेळा पाणी कमी पडून नाही. शेजारी लॉन असतं, लॉनला रोज फवारा, आणि माळीकाका प्रेमाने तरवडालाही आळं करून देतात. पानं पिवळी पडली की "पाणी कमी पडतंय" म्हणून आणखी पाणी. मग एक दिवस बुंध्याशी साल काळी पडून सुटलेली दिसते. लॉन आणि तरवड एका पाइपवर ठेवू नका, एवढं व्यवस्थापन समितीकडून मंजूर करून घ्या.

गच्चीवर कुंडीत येईल का?

येईल, पण आनंद अर्धाच. निदान पंधरा-अठरा इंच खोल कुंडी किंवा ड्रम घ्या. निम्मा मुरूम, निम्म्यात माती आणि थोडं पालापाचोळ्याचं खत. कोकोपीट नको, ते ओल धरून ठेवतं. तळाची भोकं मोकळी आहेत याची खात्री करा आणि कुंडी थेट बशीत ठेवू नका. गच्चीवर उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी लागेल, कारण मूळ खाली पळू शकत नाही. उत्तरेकडच्या बाल्कनीत हा हट्ट करू नये.

खत कोणतं द्यायचं? शेंगावर्गातला आहे म्हणजे नत्र स्वतःच तयार करत असेल ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि तरवडाबाबतीत तो खरा नाही. हरभरा, भुईमूग, ताग यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. सेना गटातल्या झुडपांच्या मुळांवर तशा गाठी होत नाहीत. म्हणून "तरवड लावला की जमीन सुपीक होते" असं कुणी गाठींचा हवाला देऊन सांगितलं तर मान डोलवू नका. त्याचा पाला कुजून जमिनीला खत मिळतं ते वेगळं. दक्षिणेत भातखाचरांत त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून घालतात, पण ते नत्र मुळांनी जमिनीतूनच वर आणलेलं असतं.

वेगळं खत द्यायची गरज नाही. लावताना खड्ड्यात दोन ओंजळी शेणखत पुरे. युरिया दिलात तर पालाच पाला.

फुलं केव्हा येतात?

बियांपासून लावलेलं झुडूप साधारण दुसऱ्या वर्षी फुलू लागतं. मुख्य बहर पाऊस ओसरता ओसरता सुरू होतो आणि थंडीत रेंगाळतो. मधेअधे थोडीफार फुलं वर्षभर दिसतात.

फूल एकदा निवांत बघा. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. त्यातले वरचे तीन वांझ असतात. परागकोश सरळ उभे चिरत नाहीत, टोकाला बारीक छिद्र असतं. फुलात मध नाही, परागच आहेत, आणि तेही डबीत बंद. मोठा काळा भुंगा येतो, परागकोशांना पायांनी पकडतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्याचा गुंजारव एकदम वरच्या पट्टीत जातो आणि परागांची पूड छिद्रातून उडून त्याच्या पोटावर बसते. निळ्या पट्ट्यांच्या माशाही हे करतात. आपल्या मधाच्या पोळ्यावरच्या माशांना ही कला येत नाही. सकाळी आठ-नऊला झुडपापाशी दहा मिनिटं उभं राहिलं तर हा स्वरबदल कानाने कळतो.

फुलं येतात पण शेंगा धरत नाहीत, असं का?

वर म्हटलेले भुंगे येत नसतील. वाळलेली जाड लाकडं, जुने बांबू आवारातून सगळे उचलून टाकले की भुंग्यांना घर राहत नाही. एक-दोन ओंडके कोपऱ्यात राहू द्या.

पानांवर हिरव्या अळ्या आहेत, काय फवारू?

काहीही नाही. कॉमन एमिग्रंट, मॉटल्ड एमिग्रंट, कॉमन ग्रास यलो ही पिवळी-पांढरी फुलपाखरं सेना-कॅसियाच्या झुडपांवर अंडी घालतात, तरवडही त्यांत आला. अळी हिरवी, मधल्या शिरेवर लांबट पसरून बसते, म्हणून चटकन दिसत नाही. फांदीचा शेंडा बोडका होतो, पंधरा दिवसांत पुन्हा फुटतो. कडुनिंबाचा अर्कसुद्धा नको. मोहोरलेल्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा पुरतो.

छाटणी करावी का?

करावी. नाहीतर खालून बोडका होऊन वरच फुलतो. फुलं नव्या फुटीच्या शेंड्यांवर येतात, त्यामुळे मेच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर, एक तृतीयांश उंची कमी करा. फार जुनं, लाकडी झालेलं झुडूप जमिनीपासून वीतभर ठेवून कापलं तरी बुंध्यापासून फुटतं. सप्टेंबरात "जरा आकार देऊ" म्हणून कात्री चालवलीत तर त्या वर्षीचा बहर गेला.

शेताच्या बांधावर कुंपण म्हणून उपयोग होईल?

गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर चरून चरून उघड्या पडलेल्या माळावरही तो उरतो. शेळ्या मात्र टंचाईत शेंडे खुडतात. काटे नसल्यामुळे जनावर अडवायला त्याचा उपयोग नाही, पण माती धरून ठेवायला बांधावर चांगला. तीन-चार फुटांवर एक लावा. पूर्वी काडी दातवणाला आणि साल कातडी कमवायला जाई. मद्रास भागातल्या चर्मोद्योगाची मदार बराच काळ तरवडाच्या सालीवर होती, पुढे वॅटल या परदेशी बाभळीची साल आणि क्रोमची रसायनं आली आणि ती मागणी ओसरली.

नवरात्रात तरवडाच्या फुलांची माळ घालतात. घरचीच फुलं मिळतील का?

मिळतील, तो बहराचाच काळ आहे. घटावर चढवायची माळ असेल तर पहाटे, अर्धवट उमललेले कळे खुडा. पूर्ण उमललेलं फूल दोरा ओवतानाच पाकळ्या टाकतं. एका झुडपावर नऊ दिवसांची भिस्त ठेवू नका, तीन-चार हवीत. तेलंगणात याच दिवसांत बतुकम्मा, म्हणजे फुलांचा थरांचा मनोरा, रचतात, त्यातही हेच फूल मानाचं. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात आणि ते त्या राज्याचं राज्यपुष्प आहे. सोलापूरच्या तेलुगू घरांत कुरडूच्या तुऱ्यांबरोबर रचलेली ही फुलं पाहिली असतील तर रंगांची ती जोडी विसरली जात नाही.

फुलांचा चहा मधुमेहावर चालतो म्हणे?

आयुर्वेदात त्याला आवर्तकी म्हणतात, तमिळनाडूत आवारम् पू, श्रीलंकेत रणवरा. वाळवलेल्या फुलांचा काढा तिथे रोज प्यायला जातो, आणि मधुमेहावर तो परंपरेने दिला जातो हेही खरं. पण साखरेच्या गोळ्या चालू असताना त्यात हा काढा मिसळला तर साखर नको तितकी खाली येऊ शकते. फिटांवरच्या कार्बामाझेपिन या औषधाचं रक्तातलं प्रमाण तरवडामुळे वाढल्याचं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गरोदरपणात तर नकोच. आणि रस्त्याच्या कडेची, धूर खाल्लेली फुलं कुणीही पिऊ नयेत.

आमचा गट पावसाळ्यात टेकडीवर बीजगोळे टाकतो. त्यात तरवड घालू का?

उत्साहाचं कौतुक आहे, तरी थोडं थांबा. आधी वनखात्याची परवानगी. दुसरं, पुण्याच्या टेकड्यांचे बरेच उतार मुळात गवताळ आहेत. तिथे जमिनीवर घरटं करणारे पक्षी आहेत, पावसाळी कंद आहेत. मोकळी दिसली म्हणून प्रत्येक जागा झुडपांनी भरायची नसते. तिसरं, न घासलेलं बी गोळ्यात बंद करून टाकलं तर त्यातलं फारच थोडं उगवेल, आणि जे उगवेल ते कातळावर पडलेलं असेल.

त्यापेक्षा जिथे आधीच तरवड आहे तिथली गिरीपुष्पाची नवी रोपं परवानगीने काढायला मदत करा. बी आपल्या आवारात, कंपनीच्या पार्किंगच्या कडेला, शाळेच्या मैदानाच्या उताराला टोचा. तिथे मागे जाऊन बघणारं कुणीतरी असतं.

दोन झुडपांत अंतर किती?

फुलांसाठी पाच-सहा फूट. पायवाटेपासून तीन फूट आत घ्या, पावसाळ्यात फांद्या पसरतात आणि मग सुरक्षारक्षकाच्या हातात कोयता येतो.